कपिंग
त्वचेवर वाटी उपडी बसवून आतल्या हवेचा दाब कमी करणे आणि त्या ओढीने त्वचा व तिच्याखालचे मांसल भाग थोडा वेळ वर उचलून धरणे, असा उपचार. आपल्याकडे ‘तुंबडी लावणे’ म्हणून तो पूर्वापार चालत आला आहे. यूनानी हकीम त्याला हिजामा म्हणतात. मालिशीत हात स्नायूंवर दाब देतात, कपिंगमध्ये तेच स्नायू वर ओढले जातात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात रक्त काढण्याची तीन साधने सांगितली आहेत : वाताने बिघडलेल्या रक्तासाठी गाईचे शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू, म्हणजे पोकळ भोपळा. शिंगातली हवा तोंडाने ओढून घेत, भोपळ्याच्या आत दिवा पेटता ठेवत. चीन आणि ग्रीसमधल्या जुन्या वैद्यकातही हा उपचार आढळतो. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरची कपिंगची वर्तुळे जगाने पाहिली आणि खेळाडूंमध्ये या उपचाराची चर्चा वाढली.

उपचाराचे मुख्य प्रकार दोन. ओल्या प्रकारात त्वचेवर बारीक फासण्या टाकून रक्त काढतात. ते प्रशिक्षित वैद्य, हकीम किंवा डॉक्टरचेच काम आहे. मालिश करणाऱ्याने ब्लेडला हात लावता कामा नये. मसाज केंद्रात मिळतो तो कोरडा प्रकार. त्यासाठी सिलिकॉनच्या, हातपंपाच्या किंवा काचेच्या वाट्या वापरतात. काचेच्या वाटीत स्पिरिटचा पेटता बोळा क्षणभर फिरवून काढून घेतात. तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, उरलेली थंड होताना आकसते आणि वाटी अंगाला घट्ट धरते.

वाट्या सामान्यतः ५ ते १५ मिनिटे एका जागी ठेवतात. सरकत्या कपिंगमध्ये पाठीला भरपूर तेल लावून, ओढ हलकी ठेवून, वाटी कण्याच्या बाजूच्या स्नायूंवरून कमरेपासून खांद्याकडे सावकाश नेतात; कण्याच्या हाडांवरून ती नेत नाहीत. आखडलेल्या जागी वाटी अडखळते, तिथे जोर न करता ओढ कमी करायची असते. अंगाला ताण जाणवावा, वेदना होऊ नये. चिमटा बसल्यासारखे झाले की लगेच सांगावे; वाटीच्या कडेला बोटाने त्वचा दाबली की हवा आत शिरते आणि वाटी सुटते. वाटी तशीच उपटून काढू नये.

वाटी काढल्यावर लाल, जांभळे किंवा काळपट वर्तुळ उमटते. केशवाहिन्या फुटून त्वचेखाली साकळलेले ते रक्त असते आणि काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, शरीर ते शोषून घेते. डाग जितका गडद तितके विष बाहेर आले, हा दावा निराधार आहे. गडद डागाचा आग्रह धरणाऱ्याकडून उपचार न घेतलेलेच बरे.

मान आणि कंबरदुखीत थोड्या काळासाठी आराम पडल्याचे काही चाचण्यांत दिसते. पण रुग्णाला न कळता खोटी वाटी लावणे कठीण असल्याने हे पुरावे फार भक्कम मानले जात नाहीत. मधुमेह, रक्तदाब किंवा वंध्यत्व कपिंगने बरे होते, असे सिद्ध झालेले नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तस्रावाचा विकार असलेले किंवा पायात रक्ताची गुठळी झालेले यांनी कपिंग टाळावे. जखम, इसब, फुगलेल्या शिरा यांवर वाटी लावत नाहीत. सोरायसिस असल्यास वाटीच्या जागी नवे चट्टे उठू शकतात. गरोदरपणात पोट आणि कंबर वर्ज्य. म्हातारपणी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने त्वचा पातळ झाली असेल, तर हलक्या ओढीनेही फोड येऊ शकतात. भाजण्याचा धोका मुख्यतः पेटत्या बोळ्याच्या पद्धतीत असतो. पहिल्यांदा येणाऱ्याने पंपाची किंवा सिलिकॉनची वाटी मागून घ्यावी. डाग असताना डॉक्टरकडे जावे लागले, तर कपिंग केल्याचे आधी सांगावे, नाहीतर ते मार बसल्याचे किंवा रक्तविकाराचे वाटू शकतात.