गिरगावच्या नळामागचं खोरं

हात न लागलेलं खोरं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आल्प्स येतात, फार तर उत्तराखंडातली फुलांची दरी. दादरहून लोकल पकडून बोरिवलीला उतरलं की ज्याच्या दाराशी पोचता येतं, असं खोरं आपण त्या यादीत धरतच नाही. कान्हेरीच्या माथ्यावर चढून बघा. खाली दाट जंगल, त्यात तुळशीचं पाणी, त्यापलीकडे विहारचं. त्या पाण्यात मगरी आहेत, काठच्या रानात बिबटे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे उरलं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला जंगलात नाही, गिरगावात जावं लागतं.

गिरगावातली नावं आठवा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. या नावांत जुन्या बागायतीची आठवण आहे, आणि बागायत म्हणजे विहिरी आल्याच. विहिरींच्या जोडीला तलाव. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. आज या तिन्ही ठिकाणी तलाव औषधालाही नाही, बसच्या पाट्यांवर नाव मात्र राहिलं. एकोणिसावं शतक मध्यावर आलं तसं शहर फुगलं आणि हे पाणी पुरेना. 1845 मध्ये टंचाईवरून लोकांनी ओरड केली. दहा वर्षं उलटायच्या आत पावसानं पुन्हा दगा दिला, तेव्हा शहरातली गुरं माहीमकडे हलवावी लागली, आणि नव्यानंच सुरू झालेल्या रेल्वेनं आणि होड्यांनी पाणी आणून तलावांत ओतावं लागलं. ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहत होती तो हाच काळ. परळ-लालबागच्या चिमण्या अजून पुढे आहेत, पण तहान लागलेली होती.

मग इंजिनिअरांचं लक्ष साष्टीकडे गेलं. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडा ज्यांचा, त्याच हेन्री कॉनीबेअर यांनी मिठी नदीचं वरचं खोरं अडवायची योजना मांडली. खोरं शहरापेक्षा उंचावर, म्हणजे उतारानंच पाणी येणार. 1856 मध्ये काम सुरू झालं आणि 1860 मध्ये पुरं झालं. वीस वर्षं होतात न होतात तोच 1879 मध्ये तुळशीही आलं.

आता इथे जरा थांबू या. विहार हे तळ्याचं नाव व्हायच्या आधी गावाचं नाव होतं. प्यायचं पाणी जिथून येणार त्या डोंगरउतारावर शेती नको, गुरं नकोत, वस्ती नको, हा पाणीपुरवठ्याचा साधा नियम. त्या नियमानं माणसं उठली आणि रान माजलं. म्हणजे आपण ज्याला 'अस्पर्श' म्हणतो ते जंगल मुद्दाम रिकामं करून ठेवलेलं आहे. त्याच्याही आधी, कान्हेरीला शंभरावर लेणी कोरली गेली तेव्हा, इथे माणसांचा राबताच होता. तिथल्या शिलालेखांत लेण्याबरोबर 'पोढी'चं दान केल्याचे उल्लेख येतात. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. भिक्खूंनी याच डोंगरात पाऊस साठवला, फक्त कुणाला हुसकावून नव्हे असं म्हणावंसं वाटतं, पण ते आपल्याला ठामपणे सांगता येणार नाही.

तहान काही भागली नाही. 1892 मध्ये तानसा आलं, पुढे वैतरणेवर मोडक सागर. महापालिकेच्या मराठी इंजिनिअराचं नाव धरणाला मिळालं, हेही लक्षात ठेवण्यासारखं. तानसाभोवतीचं रान आज अभयारण्य आहे. शहर ज्या खोऱ्याचं पाणी प्यायलं, तिथलं जंगल टिकलं.

पण यातली अडचण आज उघडी पडते आहे. विहार आणि तुळशी मिळून आता मुंबईच्या रोजच्या पाण्यातला वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. ज्या कारणानं खोरं राखलं, ते कारणच बारीक झालं. राष्ट्रीय उद्यानाची सुमारे 104 चौरस किलोमीटरची हद्द कायद्यानं शाबूत आहे, त्यात ही दोन्ही तळी आली. धरणाच्या खालच्या अंगाला मात्र आरे आहे. 1949 मध्ये शहरातले म्हशींचे तबेले हलवण्यासाठी ती वसाहत वसवली गेली. तिथल्या पाड्यांवर वारली, कोकणा आणि मल्हार कोळी कुटुंबं त्याच्या आधीपासूनची. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली, तीही बरीचशी रातोरात. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत जागा जवळजवळ मोकळी झाली होती.

ही मेट्रो कुणासाठी? दादर, वरळी, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी. आपल्याच वस्तीसाठी. गर्दीत लोंबकळत गेलेल्या माणसाला तिची किंमत आपण शिकवायला नको. आणि गिरगावातल्याही काही जुन्या चाळी तिच्या स्थानकांसाठी गेल्या, तेव्हा नुसतं एकीकडे बोट दाखवून चालणार नाही. पण 1856 मध्ये गिरगावानं या खोऱ्याकडे पाणी मागितलं तेव्हा जंगल वाढलं, यावेळी जागा मागितली तेव्हा ते कमी झालं. दोन्ही वेळा पाड्यावरच्या माणसाला कुणी आधी विचारलं नाही.

कारशेडच्या कुंपणाजवळून मिठी वाहते. विहार भरून सांडलं की ते पाणी याच वाटेनं निघतं आणि माहीमच्या खाडीत उतरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या नदीला पसरायला किती जागा लागते ते साऱ्या मुंबईनं पाहिलं. कान्हेरीच्या माथ्यावरून ती अजूनही झाडांतच हरवते.