दप्तरांची सांधणी

खरेदीखत झाले म्हणजे शेत आपले झाले, असे आपल्याकडचा खरेदीदार समजतो. वस्तुतः तेथे एका प्रवासाचा केवळ आरंभ होत असे. खत उपपंजीयकाच्या कचेरीत आणि खसरा पटवाऱ्याच्या बस्त्यात. या दोहोंमधला दुवा म्हणजे स्वतः खरेदीदाराचे पाय. ही दोन दप्तरे आता संगणकाने परस्पर जोडली गेली आहेत. त्या सांधणीचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

भोसल्यांच्या काळी परगण्यात कमाविसदार आणि गावात पाटील व पांड्या असत, कागद मोडीत. १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला. मालगुजारी आली आणि १९५१ साली गेली. पुढे १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेला व आपण मध्य प्रदेशात राहिलो. तिकडे फेरफार आणि सातबारा, इकडे नामांतरण आणि खसरा. शब्द निराळे, खोळंबा मात्र एकच.

या खोळंब्याचे मूळ कायद्यांच्या विभागणीत आहे. खताची नोंद १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली होते, खसऱ्याची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ खाली. व्यवहार झाला काय, हे एका खात्याने पाहावे. जमिनीवर नाव कोणाचे, हे दुसऱ्याने. तत्त्वतः यात गैर काहीच नाही. परंतु मधल्या काळात खसऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव राहते, आणि तो अप्रामाणिक निघाला तर त्याच शेताचा दुसरा सौदा करू शकतो. माझ्या आजोबांचे खत पेटीत सुखरूप होते. खसऱ्यावर मात्र ते गेले तोपर्यंत जुन्याच मालकाचे नाव होते.

२०२२ पासून काही जिल्ह्यांत प्रयोग झाल्यावर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी 'सायबर तहसील' मध्य प्रदेशाच्या सर्व जिल्ह्यांत लागू झाली. तिची रीत अशी: 'संपदा' या पंजीयन प्रणालीत खत नोंदले की त्यातील मजकूर महसुली प्रकरणांच्या प्रणालीकडे आपोआप जातो. अर्ज न करता प्रकरण उभे राहते, नोटीस निघते, पटवाऱ्याचा अहवाल संगणकावरच येतो. हरकत नसेल तर आदेश होऊन खसऱ्यात नाव चढते. तहसीलदारासमोर उभे राहावे लागत नाही. महाराष्ट्रातही नोंदणीची 'आय-सरिता' आणि 'ई-फेरफार' यांची अशीच जोड घातलेली आहे.

मला यात नवलाचे वाटते ते यंत्र नव्हे. दोन खात्यांना एकाच शेताला एकाच क्रमांकाने ओळखावयास लावले, हे खरे काम. जुन्या कारकुनाला दोन्ही वह्या समोर ठेवून जो मेळ घालता येत असे, तो यंत्राला आधी शिकवावा लागतो. आपल्यापुरता एक खाचखळगा सांगतो. हिंदी दप्तरात 'ळ' सहसा उरत नाही. 'बाळा'चा 'बाला' होतो. गावाला ठाऊक असते की माणूस एकच. केवळ अक्षरे ताडून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन माणसे.

शिवाय ही वाट प्रथम खुली झाली ती ज्यात वाद नाही आणि ज्यात संपूर्ण खसरा क्रमांक विकला गेला आहे, अशा व्यवहारांसाठी. बापामागे चार भावांत विभागलेले शेत, तोंडी वाटणी, बहिणीचे राहून गेलेले नाव, हे सारे खसऱ्यावर चढविण्यापूर्वी कोणीतरी समोर बसवून ऐकावेच लागते.