पितळी पातेल्यातलं दूध

काही आजार गाजावाजा करून जातात. देवी गेली, नारू गेला, त्यांची निदान सरकारदरबारी नोंद झाली. आज ज्याबद्दल लिहितोय तो आजार मात्र गुपचूप निघून गेला. इतका की माझ्या पिढीतल्या कुणी त्याचं नावही ऐकलेलं नाही. पुस्तकी नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. लहान मुलांचं लिव्हर कायमचं निकामी करणारा आजार.

साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल. चांगलं खेळतं-खातं. मग किरकिर सुरू होते, पोट फुगतं, लिव्हर वाढून हाताला कडक लागतं. कावीळ दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांतच जायची. कलकत्त्यात १८८७ साली याची वैद्यकीय नोंद झाली. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं मात्र कारण कुणालाच धड सांगता येईना.

कारण हा आजार नेहमीच्या हिशेबात बसतच नव्हता. गरिबीचा म्हणावा, तर बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी घरांतही दिसायचा. मुलींपेक्षा मुलगे जास्त. शहरापेक्षा खेड्यात जास्त. आणि एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडं. मग डॉक्टरांनाही वाटलं, आनुवंशिक असणार. घराण्यात दोष आहे म्हटलं की आपल्याकडे बोट कुणाकडे वळतं, हे काही वेगळं सांगायला नको!

पहिला ठोस धागा १९७८-७९ मध्ये मिळाला. या मुलांच्या लिव्हरचे नमुने खास रंग वापरून तपासले, तर आत तांबं साठलेलं. थोडंथोडकं नाही. सर्वसाधारण लिव्हरमध्ये कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास तांबं असतं. इथे आकडा हजाराच्या घरात, कधी त्याच्याही वर.

आता प्रश्न असा, की एवढं तांबं आलं कुठून?

हे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या घरी एकच साधी गोष्ट विचारली: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, आणि ते कशात तापवलं? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना गाईम्हशीचं दूध लवकर सुरू झालं होतं, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेलं होतं.

आमच्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत डोकावलात तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. गोठ्यात म्हैस, चुलीवर पितळेचं पातेलं, दूध त्यातच तापवायचं आणि त्यातच ठेवायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर, असेल तर दुधाचा धातूशी थेट संबंध येत नाही. पण कल्हई झिजते. कल्हईवाला येईपर्यंत पातेलं तसंच वापरात. तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं. त्यात तान्ह्या बाळाच्या लिव्हरमध्ये मुळातच तांबं जास्त असतं आणि जादाचं बाहेर टाकायची ताकद कमी. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं. म्हणजे जितकं लवकर वरचं दूध, तितका धोका मोठा.

आता मागचे सगळे तुकडे जुळवून बघा. म्हैस आणि पितळेची भांडी कुणाकडे? जरा बरं चाललेल्या घरात. वरचं दूध कौतुकाने आधी कुणाला? माझा अंदाज, मुलाला. आणि भावंडं? भावंडांचं रक्त एक असतं, तसं पातेलंही एकच असतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्या हातांनी मायेने दूध पाजलं, त्यांना पुढे किती वर्षं काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल...

याची जुळी गोष्ट ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेली. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात दूध तापवत. भांडी बदलली आणि आजार संपला. अर्थात, तशाच भांड्यातलं दूध प्यायलेली सगळीच मुलं आजारी पडली नाहीत, त्यामुळे काही मुलांत उपजत कमकुवतपणाही असावा असं तिथल्या संशोधकांना वाटतं. असेलही. पण जनुक कुणाला बदलता येत नव्हतं, पातेलं येत होतं.

आपल्याकडेही तेच झालं. पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध कावीळ व्हायच्या आत दिलं तर काही मुलं वाचतात, हे पुण्याच्याच गटाने १९८७ मध्ये दाखवलं. डॉक्टरांनी भांडी बदला म्हणून सांगितलं. पण मोठं काम केलं स्टीलने. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, म्हणून बायकांनी पितळ माळ्यावर टाकलं, आणि १९९०च्या दशकात हा आजार दुर्मिळ झाला. आपण काय थांबवलं, हे त्यातल्या बहुतेकींना कधी कळलंही नाही.

आज तेच पितळ शोभेला म्हणून परत येतंय, ऑफिसात टेबलाटेबलावर तांब्याच्या बाटल्या आहेत. मोठ्यांनी त्यातलं पाणी पिणं आणि तान्ह्याने पितळेतलं दूध पिणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उगाच घाबरू नका. पण 'आपल्या पूर्वजांचं सगळंच शास्त्रशुद्ध' असा फॉरवर्ड आला की ही गोष्ट जरूर सांगा. पूर्वजांनी कल्हईसुद्धा शोधली होती, ती उगाच नाही!

आणि गावाकडे आज फवारणी, बोअरचं पाणी, कॅन्सर, किडनी असले विषय निघतात, तेव्हा 'नशीब' किंवा 'घराण्यातच आहे' म्हणून फाइल बंद करू नये. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारला तसा साधा प्रश्न आधी विचारावा: रोज पोटात काय जातं, आणि कशातून?