एक रबराची रिंग आणि ‘थांबा’ म्हणणारी माणसं

आजच्या गप्पांची सुरुवात स्वयंपाकघरातून करू या. कुकर लावला, गॅस मोठा केला, पण शिटी काही होत नाही. झाकणाच्या कडेनं वाफ फसफसते, पाणी गळतं, डाळ कच्चीच राहते. आपण लगेच ओळखतो, रिंग गेली. कुकर कितीही महागाचा असू द्या, त्याची सगळी मदार त्या रबरावर. नवं असतं तेव्हा रबर मऊ असतं. दाबलं की दबतं, सोडलं की फुगून जागा भरून काढतं. जुनं झालं की कडक होतं आणि फट उरते. नळाचा वायसर घ्या, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीचं पॅकिंग घ्या, काम एकच, फट बुजवायची.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तिथं राजे, लढाया, तह शिकले. रबराच्या रिंगेलाही इतिहास असतो हे फार उशिरा कळलं. आज तोच सांगते. त्यात सात माणसांचे जीव गेले. रिंग कमकुवत आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून ही गोष्ट मनाला जास्त लागते.

या गोल रिंगेला कारखान्यात ‘ओ-रिंग’ म्हणतात, कारण ती इंग्रजी ओ अक्षरासारखी दिसते. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टन्सन यांनी तिच्या पेटंटसाठी 1937 साली अर्ज केला, तेव्हा त्यांचं वय होतं 72. पेटंट 1939 साली मिळालं. पुढं विमान, मोटारगाडी, पंप, जिथं तेल, हवा किंवा वायू कोंडून ठेवायचा तिथं ही रिंग बसली. ती अवकाशयानापर्यंतही पोचली.

अमेरिकेच्या नासा या संस्थेचं ‘चॅलेंजर’ नावाचं अवकाशयान होतं. आपल्या कल्पना चावला ज्या यानात गेल्या ते ‘कोलंबिया’, तो अपघात 2003 सालचा. मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या सतरा वर्षं आधीची, 1986 सालची.

यानाला वर ढकलायला दोन्ही बाजूंना दोन मोठी रॉकेटं असत. एकेकाची उंची सुमारे 45 मीटर. ती थायोकोल नावाची कंपनी युटा राज्यात बनवायची. एवढं लांब रॉकेट अखंड नेणं शक्य नव्हतं, म्हणून तुकडे करून रेल्वेनं फ्लोरिडाला न्यायचे आणि तिथं एकावर एक रचायचे. आता डब्यावर डबा ठेवला की मध्ये सांधा आला, आणि सांधा आला की फट आली. ती बुजवायला प्रत्येक सांध्यात दोन ओ-रिंगा. एक खरी आणि दुसरी अडीअडचणीची. रिंगेची जाडी साधारण 7 मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक. घेर मात्र साडेअकरा मीटरच्या आसपास.

रॉकेट पेटलं की आतल्या दाबानं त्याच्या भिंती थोड्या फुगतात आणि सांध्यातली फट क्षणभर वाढते. त्याच क्षणी रिंगेनं फुगून ती जागा भरायची. उशीर झाला तर आतला जाळ बाहेर. सगळा हिशोब एका सेकंदाच्या आतला.

जानेवारी 1985 मध्ये एक यान थंडीच्या दिवसांत उडालं. सांध्याचं तापमान होतं 12 अंश. नंतर रॉकेटाचे तुकडे समुद्रातून काढून तपासले, तेव्हा थायोकोलचे इंजिनिअर रॉजर बॉइसजोली यांना दोन रिंगांच्या मधलं ग्रीस काळं पडलेलं दिसलं. याचा अर्थ जळता वायू पहिली रिंग ओलांडून पुढं आला होता. त्यांना संशय आला की थंडीनं रबर आखडत असणार.

संशयावर काम भागत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तपासणी झाली. तपासणी इतकी साधी होती की आपणही समजू शकू. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये रिंग दाबून ठेवायची, मग पट्ट्या थोड्या दूर करायच्या आणि रिंग फुगून पट्टीला परत कधी टेकते ते पाहायचं. 38 अंशाला रिंग पट्टीपासून सुटलीच नाही. 24 अंशाला तिला परत टेकायला 2.4 सेकंद लागले. 10 अंशाला दहा मिनिटं वाट पाहिली तरी ती टेकली नाही, शेवटी तपासणी थांबवली. जिथं सेकंदाच्या आत काम व्हायला हवं, तिथं दहा मिनिटं पुरली नाहीत.

बॉइसजोलींनी 31 जुलै 1985 रोजी वरिष्ठांना लेखी कळवलं की हे दुरुस्त केलं नाही तर माणसं जातील. अभ्यासाला एक छोटा गट नेमला गेला, पण त्याला ना पुरेशी माणसं मिळाली ना सामान. ऑक्टोबरमध्ये त्यांचे सहकारी बॉब एबलिंग यांनी वर एक टिपण पाठवलं, त्याचा पहिलाच शब्द होता ‘मदत!’ मैत्रिणींनो, कुठल्या तरी कार्यालयात अर्ज देऊन महिनोन् महिने वाट पाहिलेल्या बाईला या एका शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

मग आली 27 जानेवारी 1986 ची रात्र. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर उडायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. पारा शून्याच्या खाली जाणार होता. तीन ठिकाणची माणसं फोनवरून बैठकीला बसली. थायोकोलच्या इंजिनिअरांनी सांगितलं, 12 अंशाच्या खाली उडवू नका. नासाचे अधिकारी नाराज झाले. उड्डाण आधीच लांबत आलं होतं. शिवाय एकदा उबदार दिवसातही रिंगेपाशी काजळी दिसली होती, मग थंडीचाच दोष कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता.

थायोकोलनं आपापसांत बोलायला पाच मिनिटं मागितली, ती लांबली अर्ध्या तासावर. बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन यांनी साहेबांपुढं फोटो ठेवले, सांध्याचं चित्र काढून दाखवलं. कुणी ऐकेना तेव्हा ते गप्प झाले. मग चार वरिष्ठांनीच मत द्यायचं ठरलं. त्यांतले एक अडखळत होते. त्यांना सांगण्यात आलं, आता इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. त्यांनी घातली. कंपनीनं आपलं म्हणणं फिरवलं.

एक माणूस मात्र फिरला नाही. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे अधिकारी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी मंजुरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. सही मग युटातून दुसऱ्यानं करून पाठवली.

28 जानेवारीला सकाळी 11 वाजून 38 मिनिटांनी यान उडालं. हवेचं तापमान 2 अंशाच्या आसपास होतं. पहिल्याच सेकंदात उजव्या रॉकेटच्या खालच्या सांध्यातून काळा धूर निघाला. 73 सेकंदांनी आकाशात यानाचे तुकडे झाले.

आत सात जण होते, त्यांत दोन स्त्रिया. ज्युडिथ रेझनिक या इंजिनिअर. दुसऱ्या क्रिस्टा मॅकऑलिफ, एका गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. अकरा हजारांहून जास्त शिक्षकांच्या अर्जांतून त्यांची निवड झाली होती. त्या इतिहास शिकवायच्या. साध्यासुध्या बायकांच्या रोजनिश्यांतूनही इतिहास कळतो असं त्या मानत, आणि स्वतःही या प्रवासाची रोजनिशी लिहिणार होत्या. ती लिहायची राहून गेली. त्या दिवशी शाळाशाळांत मुलं टीव्हीसमोर बसून बाईंना पाहत होती.

पुढं चौकशी आयोग नेमला. त्यात एकच स्त्री होती, अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड. थंडीत रिंगेचं काय होतं हे दाखवणारा एक कागद त्यांनी आयोगातल्या एका जनरलच्या हातात गुपचूप दिला. ही गोष्ट जगाला कळली ती 2012 साली त्या वारल्यानंतर. बॉइसजोलींनी आयोगापुढं साक्ष दिली तेव्हा त्यांना मिठी मारणाऱ्याही त्याच. आयोगातले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तर सगळ्यांसमोर रबराचा तुकडा चिमट्यात दाबला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच फुगत नाही हे दाखवलं. लाखमोलाची गोष्ट एका पाण्याच्या पेल्यात सिद्ध झाली.

आयोगानं आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या गटांच्या कामाची आहे. बैठकीत फक्त बिघाड झालेल्या उड्डाणांकडे पाहिलं गेलं. त्यांत थंड दिवस होते, उबदारही होते, म्हणून काही ठरेना. पण ज्या उड्डाणांत काहीच झालं नव्हतं तीही शेजारी मांडली, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. 19 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या 20 उड्डाणांपैकी फक्त 3 वेळा रिंगेला इजा झाली होती. 17 अंश किंवा त्याहून कमी तापमानाची उड्डाणं 4, आणि इजा झाली चारही वेळा. म्हणून वहीत चांगले दिवसही लिहायचे असतात. नुसता तोटा लिहिला तर तोट्याचं कारण सापडत नाही.

हे सगळं मी का सांगतेय? माझंही एक कबूल करायचं आहे. आमच्या एका गटाकडं दिवाळीची मसाल्याची ऑर्डर होती. परतीचा पाऊस चालू होता. पाकिटं सील करायला बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, कड नीट चिकटत नाहीये. बोटानं ओढलं की सुटतंय. दोन दिवस थांबू.” मी म्हटलं, “मावशी, गाडी दारात उभी आहे. सुटणारच याची खात्री आहे का तुम्हाला?” मावशी गप्प बसल्या. माल गेला, आणि ओल लागून गाठी झालेली निम्मी पाकिटं परत आली. त्या दिवशी माझ्या डोक्यावरही मॅनेजरचीच टोपी होती. आमचे पैसे गेले, कुणाचा जीव नाही, एवढाच काय तो फरक.

माझा प्रश्नच उलटा होता. माल टिकेल याची खात्री मी द्यायला हवी होती. बिघडेल हे सिद्ध करायचं ओझं मी मावशींवर टाकलं. त्या रात्री त्या इंजिनिअरांवरही नेमकं हेच ओझं टाकलं होतं.

चॅलेंजरनंतर सांधा नव्यानं बनवला, तिसरी रिंग घातली, सांधा उबदार ठेवायची सोय केली. यानं पुन्हा उडाली ती 29 सप्टेंबर 1988 ला. मॅकडोनाल्ड यांना आधी कंपनीनं खालच्या कामावर टाकलं होतं. अमेरिकेच्या संसदेतून आवाज उठल्यावर त्यांना परत घेतलं, आणि नवा सांधा बनवायचं काम त्यांच्याच हाती दिलं. बॉइसजोलींच्या वाट्याला सहकाऱ्यांचा दुरावा आला, त्यांनी कंपनी सोडली. 1988 साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संस्थेनं त्यांचा सन्मान केला. खरं बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे तिकडंही चुकलं नाही.

आमच्या गटानं आता एक ठराव केला आहे. बैठकीत कुणीही ‘थांबा’ म्हणालं, मग ती लिहिता न येणारी का असेना, तर तिचं म्हणणं तिच्या नावासह इतिवृत्तात लिहायचं आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढच्या सह्या घ्यायच्या नाहीत. पहिलं नाव मावशींचं लिहिलं. त्या म्हणाल्या, “माझं कशाला? मी तर नुसतं बोटानं ओढून पाहिलं.” मैत्रिणींनो, प्रयोगशाळेतही तेच केलं होतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे बोलून पाहा. आणि हो, आज संध्याकाळी कुकरची रिंग जरा दाबून बघा. कडक झाली असेल तर बदला.