किरणांचे माप आणि कामगाराचा हिशेब

कामगार चळवळीत अनेक वर्षे घालविल्यावर आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. ज्या श्रमाचे माप होत नाही त्याचा मोबदला मिळत नाही, आणि ज्या अपायाचे माप होत नाही त्याची भरपाई मिळत नाही. कामाचे तास घड्याळ सांगते, मालाचे वजन काटा सांगतो. परंतु जो अपाय डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, तो मोजावा कोणी आणि कशाने? आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. वाचनालयाच्या बाकावर बसून जे उमगले, तेवढेच श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर पुष्कळ वर्षे कातडी किती लाल झाली, यावरूनच किरणांच्या मात्रेचा अंदाज बांधीत. १९२५ साली अमेरिकेत म्यूचेलर यांनी सुरक्षिततेची मर्यादा सुचविली, तीही याच भाषेत: कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा हिस्सा, एका महिन्यात. पण एकाची कातडी दुसऱ्यासारखी थोडीच असते! अखेर १९२८ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘रॉन्टगेन’ हे एकक मान्य केले आणि संरक्षणासाठी एक समिती नेमली. देशोदेशींचे संशोधक एका मापाने बोलू लागले.

हे माप मात्र शरीराबाहेरून येणाऱ्या किरणांचे. त्याच सुमारास न्यू जर्सीतील ऑरेंज गावी तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरीत होत्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरावा, अशी कामाची रीत होती. रेडियम पोटात गेले आणि हाडांत जाऊन बसले. जबडे झिजले, मुली दगावल्या. मार्टलँड नावाच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५ साली त्यांच्या शरीरातील किरणोत्सर्ग मोजून दाखविला, तेव्हा कुठे रोगाचे खरे कारण जगापुढे आले. पाच जणींनी न्यायालयात दावा लावला. १९२८ साली त्यात तडजोड झाली. पुढे १९४१ मध्ये शरीरात साठणाऱ्या रेडियमची मर्यादा अमेरिकेत ठरली: एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाइतकी. हा आकडा त्या मुलींच्या हाडांवरून काढलेला आहे, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात, अणुबाँबच्या कामावर, छातीवर लावायचा फिल्मचा बिल्ला सर्रास वापरात आला. फिल्म जितकी काळवंडेल तितके किरण लागले, असा हिशेब. तथापि बिल्ल्याला फार थोडे किरण दिसतच नसत. तेव्हा पुष्कळ ठिकाणी वहीत ‘शून्य’ मांडीत. असे आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाला बावन्न शून्ये! गणिताच्या शिक्षकाला त्यांची बेरीज शून्यच दिसेल. कामगाराच्या शरीराला ती तशी दिसत नाही.

म्हणूनच निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र आणावयाच्या, तर माणसे मोजण्याआधी बिल्ले तपासावे लागतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १५ देशांतील ४ लाख ७ हजार अणुउद्योग-कामगारांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. कोणत्या वर्षी कोणता बिल्ला होता, त्याला काय दिसे व काय निसटे, हे आधी ठरवावे लागले. ज्यांच्या अंगात द्रव्य गेले असावे किंवा ज्यांना न्यूट्रॉन लागले असावेत, त्यांची मात्रा खात्रीने मोजता येईना. म्हणून त्यांना मुख्य हिशेबातून वगळले. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण कामगाराच्या बाजूने पाहिले, तर ज्याचे माप नीट झाले नाही तो इतिहासातूनही गळला!

फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील सुमारे ३ लाख १० हजार कामगारांच्या नोंदींवरून २०२३ साली असे दिसून आले की, दीर्घकाळ थोडी थोडी मात्रा घेतल्यानेही कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढते. युरोपात १९८१ पासून ‘युराडोस’ ही संस्था मापनाच्या संशोधनात मेळ घालीत आहे. अनेक प्रयोगशाळांचे बिल्ले मागवावेत, त्यांना ठरावीक मात्रा द्यावी, ती कोणाला सांगू नये, आणि प्रत्येकाचे उत्तर ताडून पाहावे. काट्याचीच परीक्षा घेण्याचा हा प्रकार आम्हांला फार आवडला.

आपल्याकडे कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३०, अशी मर्यादा आहे. नियम चांगला आहे. पण एका कारखान्यात आम्ही काय पाहिले? तेथे सांधेजोडांची तपासणी गामा किरणांनी होत असे. यंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर बिल्ला होता. दोर बांधून लोकांना दूर ठेवणाऱ्या कंत्राटी मदतनिसाच्या छातीवर काहीच नव्हते. बिल्लेवाल्याचा आकडा आम्ही मागितला. उत्तर आले, “मर्यादेत आहे.” आम्ही आकडा मागितला होता, शेरा नव्हे. तीन खेपा घातल्यावर आकडा मिळाला, आणि तो खरोखरच मर्यादेत होता. मदतनिसाचा आकडा मात्र कोणीच देऊ शकले नाही, कारण तो कधी घेतलाच नव्हता.

शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षे खपून काटा तयार केला. त्यावर प्रत्येक माणसाला उभे करणे आणि त्याचा आकडा त्याच्याच हाती देणे, एवढे काम आता उरले आहे. ते प्रयोगशाळेचे नव्हे. ते तुमचे-आमचे आहे.