कृष्णाकाठची तुळस

सांगलीचं आराध्यदैवत गणपती, आणि गणपतीला मान दूर्वांचा. त्याला तुळस वाहत नाहीत, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. अपवाद भाद्रपदातल्या चतुर्थीचा. त्या दिवशी एकवीस पत्रींत तुळशीचं पानही असतं. दारातलं वृंदावन मात्र गणपतीच्या या गावातही बारमाही. कार्तिकात त्याला गेरू लागतो, भोवती उसाचा मांडव उभा राहतो, मुळाशी बोरं, चिंच, आवळे ठेवतात. तुळशीचं लग्न लागलं की मगच माणसांची लग्नं.

पूजेला बहुधा हिरव्या पानांची राम तुळस, औषधाला जांभळट देठांची काळी म्हणजे कृष्ण तुळस. मुलाला खोकला झाला की काळ्या तुळशीचा रस मधातून चाटवायचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तुळशीला शास्त्रीय नाव दिलं. वनस्पतिशास्त्र या दोन्हींना एकच जात मानतं. आजीबाईच्या बटव्याने मात्र रंगाचा भेद सोडला नाही. कापूर तुळस खरोखरच वेगळी, मूळची पूर्व आफ्रिकेची. पान चुरगळलं की कापराचा वास येतो. सब्जाही तिचाच भाऊबंद. त्याचं बी भिजून फुगलं की उन्हाळ्यात सरबतात पडतं.

तुळशीला अंगणातून वाटेवर नेलं ते वारीने, आणि त्या वारीला आजची शिस्त दिली ती सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेला हा सरदार आळंदीत माउलींच्या पायाशी रमला. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. नीरा ओलांडून पालखी आजही लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. दिंडीत पताकांमागे तुळशीवाल्या बाया असतात: डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी वृंदावन, त्यात जिवंत रोप. रिंगणात त्या ते सांभाळत धावतात, तेव्हा मान जराही कलत नाही. वारीतला हा मान बायकांचा आहे, हे आवर्जून सांगायला हवं.

रोप वाळलं तरी तुळशीचं काम संपत नाही. जून खोडाचे तुकडे करून, मणी घडवून, भोक पाडून माळ ओवतात. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. ती माळ गळ्यात पडली की मांस-मद्य सुटतं, म्हणून घालणाराही विचार करूनच घालतो. बाजारात दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून स्वस्तात विकले जातात. त्याचा फटका बसतो तो हाताने मणी घडवणाऱ्या या कारागिरांना.