ओ-यू-जी-एच (इंग्रजी अक्षरगट)

ओ-यू-जी-एच हा इंग्रजी लेखनातील चार अक्षरांचा एक गट आहे. इंग्रजीतील अनेक नित्याच्या शब्दांत तो येतो. मात्र प्रत्येक ठिकाणी त्याचा उच्चार एकच होत नाही. ब्रिटिश प्रमाण उच्चारात तो ओ, ऊ, ऑ, आउ, अफ, ऑफ आणि अखेरीस केवळ अस्पष्ट अ असा निरनिराळा ऐकू येतो. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्यांना, विशेषतः लिहिल्याप्रमाणे वाचण्याची सवय असलेल्या देवनागरीच्या वाचकांना, हा गट अडचणीचा ठरतो. ही विसंगती लहरीपणातून आलेली नसून तिच्यामागे एका लुप्त ध्वनीचा इतिहास आहे.

उच्चार आणि अर्थ

'दो' (जरी, तरी), 'ऑल्दो' (जरी) आणि 'डो' (मळलेले पीठ, कणीक) या शब्दांत उच्चार ओ होतो. 'थ्रू' (मधून, द्वारा) हा ऊ उच्चाराचा जवळजवळ एकमेव नित्याचा शब्द होय. 'बाउ' (झाडाची मोठी फांदी), 'प्लाउ' (नांगर) आणि 'ड्राउट' (अवर्षण) यांत आउ. 'रफ' (खडबडीत), 'टफ' (चिवट, कठीण) आणि 'इनफ' (पुरेसे) यांत अफ. तर 'कॉफ' (खोकला) आणि 'ट्रॉफ' यांत ऑफ असा उच्चार आहे. ट्रॉफ म्हणजे गुरांना चारा-पाणी देण्याची डोण. हवामानशास्त्रात कमी दाबाच्या लांबट पट्ट्यालाही हाच शब्द वापरतात. 'थरा' (सखोल, पूर्ण) आणि 'बरा' (नगर, नगरविभाग) यांच्या अखेरीस अस्पष्ट अ ऐकू येतो. अमेरिकेत तेथे ओ उच्चारतात.

या गटापुढे टी हे अक्षर आले, तर मात्र बराचसा भरवशाचा नियम सापडतो: उच्चार ऑ होतो. 'बॉट' (विकत घेतले), 'ब्रॉट' (आणले), 'फॉट' (लढला), 'सॉट' (शोधले), 'थॉट' (विचार, विचार केला) आणि 'ऑट' (करावयास हवे) ही त्याची उदाहरणे. वर दिलेला 'ड्राउट' आणि क्वचित आढळणारा 'डाउटी' (शूर) हे त्याचे अपवाद होत. विद्यार्थ्यांकडून दो, थ्रू, थरा आणि थॉट या चार शब्दांची सर्वाधिक गल्लत होते, कारण त्यांच्या स्पेलिंगमध्ये एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक असतो. त्यांपैकी थ्रू आणि थरा हे तर मुळात एकच शब्द होते. 'आरपार' या अर्थाच्या शब्दाचे जोर देऊन उच्चारलेले रूप पुढे वेगळे झाले व त्याला 'आरपार, म्हणून संपूर्ण' असा अर्थ आला. 'थराफेअर' म्हणजे वाहतुकीचा रस्ता, या शब्दात जुना अर्थ अजून टिकून आहे.

एकाच स्पेलिंगचे दोन शब्दही आढळतात. एस-एल पुढे हा गट लिहिला असता 'स्लाउ' वाचल्यास अर्थ दलदल, आणि 'स्लफ' वाचल्यास सापाची कात. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या स्लाउ या शहराचे नाव यांतील पहिल्या शब्दावरून आले आहे. इंग्लंडमधील लफ्बरा या गावाच्या नावात तर हा गट दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा उच्चारला जातो.

इतिहास

प्राचीन इंग्रजीत या शब्दांपैकी बहुतेकांत एक घर्षक कंठ्य ध्वनी होता. फारसी-उर्दूतील नुक्ता असलेला ख़ किंवा जर्मन 'नाख्त' (रात्र) या शब्दातील ख् त्याच्या जवळचा आहे. हा ध्वनी पूर्वी एच या अक्षराने दाखवीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी त्यासाठी जी-एच लिहिण्याचा प्रघात पाडला. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, तो उच्चारलाही जात असे.

पुढील दोन-तीन शतकांत दक्षिण इंग्लंडच्या बोलींतून हा ध्वनी नाहीसा झाला. काही ठिकाणी तो निव्वळ गळाला, तर काही ठिकाणी ओठांकडे सरकून फ झाला. लंडनच्या प्रमाण भाषेने काही रूपे एका बोलीतून, काही दुसरीतून स्वीकारली. याच सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वरही मोठ्या प्रमाणावर बदलत होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले आणि उच्चार पुढे निघून गेले. स्कॉट्स बोलीत आणि आयर्लंडमधील 'लॉख' (सरोवर) या शब्दात जुना ध्वनी अद्याप ऐकू येतो.

मराठी वाचकास हा प्रकार अगदीच परका नाही. ज्ञ हे जोडाक्षर ज् आणि ञ यांचे; पण मराठीत ते द्न्य, हिंदीत ग्य आणि गुजरातीत ग्न असे उच्चारले जाते. मूळ उच्चार मागे पडला, अक्षर मात्र राहिले.

संस्कृतशी नाते

या गटातील काही शब्द मूळ इंडो-युरोपीय भाषेतून आले असून त्यांचे सगोत्र शब्द संस्कृतात आहेत. बाउ या शब्दाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ खांदा किंवा हात असाही होता. तो संस्कृत 'बाहु' याचा सगोत्र आहे. डो आणि 'देह' यांचे मूळ एकच असून त्याचा अर्थ मळणे, लिंपणे, आकार देणे असा आहे. ट्रॉफ हा शब्द लाकूडवाचक धातूपासून आला. संस्कृतातील 'दारु' आणि 'द्रोण' त्याच कुळातले, आणि मराठी डोण हा शब्द त्या द्रोणाचाच वंशज.

सुधारणेचे प्रयत्न

अमेरिकेत नांगर या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू असे सोपे झाले. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत ३०० शब्दांची सुलभ स्पेलिंगे वापरण्याचा आदेश दिला. दो, थ्रू आणि थरा यांची आखूड रूपे त्यांत होती. पण प्रतिनिधिगृहाच्या विरोधामुळे आदेश टिकला नाही. थ्रूचे टी-एच-आर-यू हे रूप आज खाद्यगृहांच्या 'ड्राइव्ह-थ्रू' पाट्यांवर दिसते. याउलट 'हिकप' (उचकी) या शब्दाच्या सरळ स्पेलिंगमध्ये हा गट नंतर घुसवण्यात आला, कारण त्याचा कॉफशी संबंध असावा असा समज झाला. उच्चार मात्र हिकप असाच राहिला.

स्पेलिंगची थट्टा करण्यासाठी जी-एच-ओ-टी-आय असे लिहून ते 'फिश' वाचावे, असे गमतीने म्हणतात. त्यातील फ हा इनफमधून घेतलेला. ही कोटी बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपते, परंतु ती १८५५ मधील, म्हणजे शॉ यांच्या जन्माआधीच्या, एका पत्रात आढळते. मराठी वाचक ही अक्षरे सरळ 'घोटी' अशी वाचेल, आणि या बाबतीत तोच अधिक बरोबर ठरतो: इंग्रजीत शब्दारंभी जी-एचचा उच्चार फ होत नाही.